अकरा तास बंद

तिला घरात टक्केताई म्हणायचे. नाव धाकट्या भावाने ठेवलं होतं, आणि त्यात खोटं काही नव्हतं. "ताई, जेवायला येतेस ना?" असं विचारलं की ही म्हणायची, "सत्तर टक्के." लग्नाचं काय, असं एका आत्याने चिकाटीने विचारलं तेव्हा तिने "पाच टक्के" सांगितलं, आणि तेही पाच वाया गेले. भाऊ पोट धरून हसायचा. त्याला माणसं अशी सरळ लागायची. हो म्हणजे हो, नाही म्हणजे नाही. बोटीवरचा इंजिनवाला तो. इंजिन एकतर चालतं, नाहीतर बंद पडतं.

पण तिचं कामच तसलं होतं, ती तरी काय करणार? सैन्यातली शास्त्रज्ञ. अंगावर गणवेश, खांद्यावर पट्ट्या, आणि दिवसभर उभी कुठे, तर एका पोलादी टाकीसमोर. टाकीतली सगळी हवा पंपाने काढून घ्यायची, आत उपग्रहात वापरतात त्या तारेचा तुकडा ठेवायचा आणि त्याच्यावर इलेक्ट्रॉनांचा मारा करत बसायचं. सूर्य खवळला की वर उपग्रहांवर हाच मारा होतो. तारेच्या प्लास्टिकमध्ये वीज साचत जाते, साचत जाते, आणि कधीतरी आतल्या आत ठिणगी पडते. डोळ्याला दिसेल न दिसेल एवढीच. पण उपग्रह चालू असला तर तेवढ्याने तो घराएवढा उपग्रह कायमचा मुका होतो. ताई टाकीच्या जाड काचेला नाक लावून या ठिणग्या मोजायची. बावीस वर्षं मोजल्या. ठिणगी कधी पडेल हे छातीठोक कुणालाच सांगता येत नाही, फक्त शक्यता सांगता येते. म्हणून ते टक्के.

या टक्क्यांनी तिला एकदा चांगलंच तोंडघशी पाडलं होतं. दहा वर्षांपूर्वी असंच सौर वादळ आलं होतं आणि तिने लिहून दिलं होतं, उपग्रह जाण्याची शक्यता चाळीस टक्के. तेव्हाचे साहेब भर बैठकीत म्हणाले, "चाळीस म्हणजे काठावर पास. चालू द्या." सगळे खो खो हसले. तिसऱ्या दिवशी उपग्रह गेला. आता हसणाऱ्यांना कुणी जाब विचारावा ना? छे! चौकशीला आलेल्या अधिकाऱ्याने हिलाच विचारलं, "मॅडम, एवढं कळत होतं तर ठणकावून का नाही सांगितलंत?" हे वाक्य तिच्या जिव्हारी लागलं. घरी येऊन भावाला म्हणाली, "मी बरोबर होते रे, तरी चूक माझीच." भाऊ म्हणाला, "मग पुढच्या वेळी ठणकाव." तो बिचारा साधं बोलला.

पुढची वेळ आली. नवा उपग्रह होता आणि समुद्रावर गस्त घालणाऱ्या चौदा बोटींचे निरोप त्याच्यावरूनच जायचे. सकाळी सूर्यावर मोठा उद्रेक झाल्याची बातमी आली. ताईने हिशेब मांडला. उत्तर आलं पस्तीस टक्के. तेवढ्यात साहेबांचा फोन. हे साहेब नवीन, माणूस सज्जन, पण घाईत होते.

"मॅडम, टक्के नकोत. उपग्रह बंद ठेवायचा की नाही, तेवढं सांगा."

समोर कागदावर पस्तीस लिहिलेलं होतं. कानात मात्र तो चौकशीवाला अधिकारी बोलत होता. आयुष्यात पहिल्यांदा तिने आकडा गिळला.

"बंद ठेवा, सर. अकरा तास."

आणि तिचं ऐकलं की हो! बावीस वर्षांत पहिल्यांदा तिचं जसंच्या तसं ऐकलं. वादळात बोटींवरचा दुसरा, उपग्रहाशिवाय चालणारा रेडिओही चालणार नाही, हेही तिने सांगितलं. बोटींना किनाऱ्याकडे या, असा निरोप गेला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सातला उपग्रह बंद झाला. त्या दिवशी ताईला आनंद झाला होता. खोटं कशाला बोला, झाला होता. दुपारी तिने सहकाऱ्यांना चहा पाजला.

संध्याकाळी सहाला उपग्रह चालू झाला. तेरा बोटींचे निरोप आले. चौदावीचा आला नाही. चौदावीवर तिचा भाऊ होता.

बोटीत दुपारी बाराच्या सुमाराला पाणी शिरलं होतं. किनारा लांब होता, पण दुसरी बोट फक्त दोन तासांवर होती. निरोप मिळाला असता तर त्या बोटीने बुडणाऱ्या चारही जणांना उचललं असतं. चौघंही गेले. तिसऱ्या दिवशी भावाचा देह सापडला, आणि बोटीवरचं निरोप पाठवायचं यंत्रही सापडलं. यंत्र सगळं नोंदवून ठेवतं. मदतीचं बटण एक्केचाळीस वेळा दाबलेलं होतं, शेवटचं चार वाजून दहा मिनिटांनी. त्या नोंदींचा कागद ताईच्या हातात आला. ती तिथेच जमिनीवर बसली आणि तिला उठवायला दोघं लागले.

आता सगळ्यांना वाटलं, भावजय हिचं तोंडही बघणार नाही. पण तिने उलटंच केलं. ताई दारात दिसली तशी ती धावत आली आणि गळ्यात पडली. "ताई, तुम्ही बंद केला नसता तर उपग्रह कायमचा गेला असता ना? मग तेराही बोटी कधीतरी अशाच…" त्या दिवसापासून येईल त्याला ती हेच सांगायची. माझा नवरा गेला, पण तेरा बोटी राहिल्या. दूध टाकणाऱ्याला सांगितलं, शेजारणीला सांगितलं, फोनवर आपल्या आईला सांगितलं. ताई रोज संध्याकाळी दोन गल्ल्या ओलांडून तिच्याकडे जायची. दोघी स्वयंपाकघरात चहा पीत बसायच्या. रडायच्याही. नणंद-भावजय अशा कधी नव्हत्या. त्या घरात ताईला श्वास घेता यायचा.

दीड महिन्याने उपग्रहाची आकडेवारी हातात आली. त्याच्यावर साचलेली वीज मोजणारं एक छोटं यंत्र होतं, तेवढं चालूच ठेवलेलं होतं. ताईने आकडे तपासले. पुन्हा तपासले. तिसऱ्यांदा तपासले. ठिणगी पडायला जेवढी वीज लागते तिच्या जेमतेम पाव साचली होती. उपग्रह बंद करायची काही गरजच नव्हती. वादळाचा सुरुवातीचा जोर म्हणून चाळीस मिनिटं बंद ठेवला असता, तरी पुरून उरलं असतं.

हाताखालच्या सहकाऱ्याने खुर्ची जवळ ओढली. "मॅडम, हे कुणी विचारलंय का?"

"नाही."

"मग राहू द्या ना. तुमच्या सन्मानाचा प्रस्ताव वर गेलाय."

त्याचं चुकलं असं नाही, त्याला तिची दया आली होती. पण पुढच्या वादळाला पुन्हा कुणीतरी अकरा तास बंद ठेवणार, आणि पुन्हा कुणीतरी बटण दाबत बसणार. ताईने अहवाल लिहायला घेतला. आपण पस्तीसचा आकडा गिळला, हेही त्यात लिहिलं. अहवालाची प्रत चारही घरांना जाणार होती. भावजयीने ते पाकिटातून वाचावं, हे तिला सहन होईना.

रविवारी सकाळी ती गेली. भावजय कपड्यांच्या घड्या घालत होती.

"अगं, बस जरा. एक सांगायचंय."

"सांगा ना. हात चालू असले तरी कान मोकळे आहेत."

ताईने सांगितलं. आडपडदा न ठेवता सगळं सांगितलं, पस्तीस, पाव, चाळीस मिनिटं. भावजयीचे हात मध्येच थांबले.

"म्हणजे बंद करायला नको होता."

"नको होता."

"इतके दिवस मी लोकांना सांगत सुटले, ताई. तेरा बोटी, तेरा बोटी. आता काय सांगू मी?"

ताईने ढिगातला एक कपडा घडी घालायला घेतला, भावजयीने तो तिच्या हातातून काढून घेतला.

"आणि हे तुम्ही मला का सांगितलंत? नवरा गेलाच होता. तुम्ही तरी होतात मला."

"मी आहे ना गं."

"नाही. आता नाही." तिचा आवाज चढलाही नाही. "तुम्ही जा, ताई. रोजच्यासारख्या येऊ नका."

सन्मान व्हायचा राहिला तो राहिलाच. ताईची बदली एका बिनमहत्त्वाच्या खात्यात झाली, आणि त्याबद्दल तिने चकार शब्द काढला नाही. तिचा अहवाल मात्र मान्य झाला. यापुढे वीज मोजणाऱ्या यंत्राचा काटा चढला तरच उपग्रह बंद करायचा, असा नियम झाला. पाच वर्षांत चार वादळं आली. उपग्रह एकदाच बंद ठेवावा लागला, अडतीस मिनिटं. चौथ्या वादळात एका बोटीला आग लागली, निरोप लगेच गेला आणि सहाच्या सहा माणसं जिवंत घरी पोचली.

ही बातमी कळली त्या दिवशी ताई कार्यालयातून थेट दोन गल्ल्या ओलांडून गेली. गणवेशही बदलला नाही. लोकांना काय सांगू, या प्रश्नाला तिला पाच वर्षांनी उत्तर सापडलं होतं. वाटेत ती ते पुटपुटत होती, शब्द नीट लावत होती. भावजयीने दार उघडलं. केस पांढरे झाले होते. तिने आत ये म्हटलं नाही, म्हणून ताईने उंबऱ्याबाहेर उभं राहूनच सांगितलं. नियम भावामुळेच बदलला, तो गेला म्हणून बदलला, आणि परवा सहा माणसं वाचली.

भावजयीने सगळं ऐकून घेतलं.

"बरं झालं त्यांचं," ती म्हणाली आणि दार लावून घेतलं.