दोन वर्षं मागे गेलेली तारीख

"अहो, क्रिकेट दिसतंय, बातम्या दिसतायत, मग तिकिटाचीच साइट का मेलीय?" बायको स्वयंपाकघरातून ओरडत होती. गणपतीला कोकणात जायचं होतं आणि आरक्षण नुकतंच खुलं झालं होतं. मी मोडेम झोपवला, उठवला, ब्राउझर इतक्यांदा पुन्हा टाकला की त्यालाच माझी कीव आली असावी. पडद्यावर मात्र 'ही साइट सुरक्षित नाही' असा तोच इंग्रजी इशारा. तोवर निम्मं विरार खिडकीची सीट धरून बसलं होतं.

शेवटी कॉम्प्युटर बसवून देणाऱ्या मेहुण्याला फोन लावला.

"भाओजी, अँटीव्हायरस फुकट चालावा म्हणून मीच कॉम्प्युटरची तारीख दोन वर्षं मागे नेलीय," तो म्हणाला. "पैसे भरायच्या साइटचं सुरक्षा-प्रमाणपत्र तारखेवर तपासलं जातं, जुन्या तारखेला त्या उघडत नाहीत."

तारीख पुढे आणली, साइट उघडली. सगळ्या गाड्या भरलेल्या.

"आता रे?" मी विचारलं.

"आता एसटी बघा."