थर्झाने वाचलेली कादंबरी

केल्डरडेलच्या दरीत हिवाळ्यात सगळेच विणायचे. बाया, पुरुष, खाणीवरून परतलेले गडी, दात पडलेले म्हातारे, सगळे. दिवस मावळला की जळण आणि दिवा वाचवायला पाचसहा घरची माणसं एका घरी जमायची आणि चुलाण्याभोवती बसून मोजे विणायची. हात चालू असताना कानाला काहीतरी हवं म्हणून कुणीतरी वाचून दाखवायचं. गेली कित्येक वर्षं ते काम थर्झा हेगार्थकडे होतं. पुस्तक पिठाच्या पेटीला टेकवायचं, कोपराने पान दाबून धरायचं, डोळे पानावर आणि बोटं सुयांवर. वाचता वाचता एक टाकासुद्धा सुटायचा नाही तिचा.

थर्झा दिसायला उंच, हाडकुळी. नवरा इसाक संगमरवराच्या खाणीत. पोरंबाळं नाहीत. तिच्या अंगावर एकच मिरवण्यासारखी वस्तू होती. विणताना उजवी सुई रोवायला कमरपट्ट्यात लाकडी दांडी खोचतात, ती. दरीतले तरुण पोरींना मागणी घालताना ही दांडी स्वतः कोरून देतात. इसाकने दिलेल्या दांडीच्या वरच्या टोकाला एकाच लाकडातून कोरून काढलेला छोटा पिंजरा होता, आणि त्यात सुटा फिरणारा लाकडी गोळा. चालताना तो बारीक खुळखुळायचा.

तीन घरं सोडून फीबी कॅपस्टिक राहायची. विधवा, मुलगा लँकेस्टरला कामाला, थर्झाच्याच वयाची, पण वय तिला चिकटलंच नव्हतं. पिकलेल्या बार्लीसारखे केस, डाव्या कानाखाली तीळ. विणताना ती गुणगुणायची आणि बाकीच्यांच्या सुया नकळत त्या सुरावर चालायच्या. थर्झाने वाचायला घेतलं की फीबी गुणगुणणं थांबवायची, पण थर्झाला वाटायचं की ही मुद्दामच एक सूर जास्त घेऊन थांबते.

अशात एका उन्हाळ्यात मिस ऑगस्टा वेनेबल नावाच्या लेखिकाबाई पाद्रीसाहेबांकडे येऊन राहिल्या. तपकिरी झगा घालून त्या घरोघर जायच्या आणि काय काय विचारायच्या. थर्झाकडे त्या तीन दुपारी बसल्या. थर्झाने लोणी घालून केक केले, आईचा चांगला कप काढला, आणि बोलत सुटली. आपलं लहानपण, रविवारच्या शाळेत शिकलेली अक्षरं, गेलेलं मूल, दांडी. बाई मान हलवून ऐकत होत्या. आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी तिला इतकं विचारलं होतं. बाई गेल्यावर कितीतरी दिवस थर्झा हवेत होती. आपण पुस्तकात येणार, हे तिने कुणाला बोलून दाखवलं नाही, पण मनाशी धरलं होतं.

दीड वर्षाने कादंबरी एका मासिकात दर महिन्याला थोडी थोडी येऊ लागली. पाद्रीसाहेब आपला अंक वाचून झाला की विणणाऱ्यांच्या बैठकीला पाठवायचे. पहिल्या अंकाच्या दिवशी बैठकीतल्या सगळ्यात म्हाताऱ्या जोबआजोबांच्या स्वयंपाकघरात पाय ठेवायला जागा नव्हती. थर्झाने घसा साफ केला आणि सुरुवात केली.

दुसऱ्याच पानावर नायिका आली. लिलियस तिचं नाव. बार्लीच्या रंगाचे केस, कानाखाली तीळ, आणि विणताना गुणगुणायची सवय.

सगळ्यांच्या माना फीबीकडे वळल्या. फीबी लाल झाली.

"वाच की गं पुढं," जोबआजोबा म्हणाले.

पुढे लिलियसने कमरेची दांडी काढून ओठांना लावली. त्या दांडीला वर पिंजरा होता, पिंजऱ्यात सुटा गोळा होता आणि ती तिला खाणीतल्या एका अबोल गड्याने कोरून दिली होती.

थर्झाची जीभ अडखळली. तीच दांडी त्या घटकेला तिच्या कमरेला होती, सगळ्यांसमोर. एकानेही तिच्याकडे बघितलं नाही.

शेवटच्या पानावर लिलियसची चुलत बहीण जुडिथ आली. टोकदार कोपरं, पातळ ओठ, न वंगणलेल्या दारासारखा आवाज, आणि दुसऱ्यांना बायबल वाचून दाखवायची हौस.

जोबआजोबा खो खो हसले. "ही कोण, ते सांगायला नको."

"कोण?" थर्झाने विचारलं.

"कोण नाही, कोण नाही. तू वाच."

घरी आल्यावर इसाक लापशी खात होता. तिने टोपीसुद्धा काढली नाही.

"फीबीला कधी दांडी कोरून दिली होतीस तू?"

"का?"

"पुस्तकात आलंय."

"पुस्तकात काय, वाट्टेल ते येतं," इसाक म्हणाला आणि वाटी पुसून खाऊ लागला.

हे उत्तर नव्हे, एवढं थर्झाला कळत होतं. त्या दिवसापासून ती दोघांवर नजर ठेवू लागली. फीबी इसाकला 'थंडी आहे बाई आज' म्हणाली तरी ती त्यात अर्थ शोधायची. आणि त्याहून जास्त खुपत होतं ते दुसरंच. केक आपले, दुपारी आपल्या, दांडी आपली. आणि बाईंनी ती उचलून फीबीच्या कमरेला खोचली, आपल्या वाट्याला मात्र जुडिथची कोपरं.

एका संध्याकाळी पाद्रीसाहेब बैठकीला डोकावले आणि लोकांना समजावून सांगू लागले. "पुस्तकात कुठलीही वस्तू नुसती वस्तू नसते बरं का. तो पिंजऱ्यातला गोळा म्हणजे लिलियसचं हृदय. प्रेमात अडकलेलं, पण आत मोकळं."

"आणि जुडिथचं हृदय कुठंय?" जोबआजोबांनी विचारलं.

"जुडिथकडे दांडी नाही, यातच सगळं आलं," पाद्रीसाहेब म्हणाले.

थर्झाने मान वर केली नाही. पण पुढचा अंक आला तेव्हा तिने लिलियसच्या डोळ्यांवरचं एक वाक्य गाळलं. कुणाच्या लक्षात आलं नाही. मग तिने आणखी एक गाळलं, आणि त्या जागी आपलं घातलं. छापलेलं होतं की लिलियसने आपल्या वाटणीची भाकरी भिकाऱ्याला दिली. थर्झाने वाचलं की लिलियसने भाकरी झग्याखाली लपवली आणि भिकाऱ्याला शेजारचं दार दाखवलं. डोळे पानावर, आवाज तोच, हात चालूच.

मग जोबआजोबा मांडीवर थाप मारून म्हणाले, "आता आली पोरगी माणसात!"

सगळं घर हसलं. थर्झाला वाटलं, हसू देत. अजून दोन महिन्यांत ही लिलियस त्यांच्या मनातून उतरली नाही तर नावाची थर्झा नाही.

मग तिने लिलियसला खोटं बोलायला लावलं, उसनं आणलेलं लोणी बुडवायला लावलं, चर्चमध्ये झोपायला लावलं. पुस्तकात जमीनदाराचा मुलगा लिलियसचा हात धरतो आणि ती आसवं ढाळत गुडघ्यांवर बसते. थर्झाच्या वाचनात तिने त्याला ओढ्यात ढकललं आणि वरून त्याची हॅटही फेकली. त्या दिवशी बायका डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. खाणीवरचे गडी दुसऱ्या दिवशी तीच गोष्ट एकमेकांना सांगत होते. दरीच्या वरच्या टोकाची माणसंही बैठकीला येऊ लागली. सगळ्यांना एकच हवं होतं, लिलियसने पुढे काय केलं?

थर्झा तिला जितकी काळी करायला जाई, तितकी ती लोकांची लाडकी होत होती.

शेवटी तिने जिवावर उदार होऊन दांडीच जुडिथच्या हाती दिली. खाणकामगाराने ती खरं म्हणजे जुडिथसाठीच कोरली होती, असं तिने वाचलं.

"छे," जोबआजोबा म्हणाले. "जुडिथनं चोरली असणार."

"चोरली नाही. तिलाच दिली असं लिहिलंय," थर्झा म्हणाली.

"लिहिणारीला काय ठाऊक? ती गेली लंडनला."

फीबी खाली मान घालून मोज्याची टाच वळवत होती.

वसंताच्या तोंडावर शेवटचा अंक आला. लिलियस बर्फाच्या वादळात वाट चुकते आणि दांडी छातीशी धरून मरते. सहा पानं मरते. थर्झाने तो आधी घरी दोनदा वाचला. यात काही बदलायची गरजच नव्हती. त्या संध्याकाळी तिने एकही शब्द न गाळता, न घालता, पहिल्यांदाच जसं छापलं तसं वाचलं. तिचा आवाज इतका छान कधी लागला नव्हता.

वाचून झालं तेव्हा कुणाचीच सुई हलत नव्हती. फीबीचा चेहरा पांढरा पडला होता.

"हे काय?" जोबआजोबा म्हणाले. "लिलियस अशी मुकाट्यानं मरेल? वाटेतल्या मेंढवाड्यात घुसून मेंढ्यांत झोपली असती ती. शेवट जमला नाही बाईंना."

पण आठवडाभर लोक फीबीशी हळू आवाजात बोलू लागले. कुणी अंडी नेऊन दिली, कुणी तिच्या दारातलं बर्फ काढून दिलं. थर्झा खिडकीतून बघत होती. मेली तीही हीच, आणि अंडीही हिलाच.

जूनमध्ये मिस वेनेबल पुन्हा आल्या. पाद्रीसाहेबांच्या बागेत सगळ्या बैठकीला चहा होता. बाईंनी फीबीचे दोन्ही हात हातात घेतले आणि बराच वेळ सोडले नाहीत. मग त्या थर्झाकडे वळल्या, थोड्या थांबल्या आणि म्हणाल्या, "आणि तुम्ही... हो, हो. ते केक."

थर्झाने गुडघे वाकवून नमस्कार केला. बाईंना तिचं नावही आठवलं नव्हतं.

इतक्यात जोबआजोबा काठी टेकत पुढे आले. "बाईसाहेब, पुस्तक झकास. शेवट सोडा, पण ते ओढ्यात ढकललं ते काय लिहिलंय तुम्ही! वर हॅटही फेकली! आम्ही महिनाभर हसत होतो."

"ओढ्यात?" बाईंनी विचारलं. "कुठल्या ओढ्यात?"

"अहो, जमीनदाराच्या पोराला. तुमच्या लिलियसनं."

बाईंनी पाद्रीसाहेबांकडे बघितलं, पाद्रीसाहेबांनी थर्झाकडे बघितलं. थर्झाने हातातला कप खाली ठेवला. आता दरीभर बोभाटा होणार, तिला वाटलं. इतक्या वर्षांचं वाचन गेलं. यापुढे तिने बायबल उघडलं तरी लोक म्हणतील, दुसऱ्या कुणाला तरी बघू दे.

"आजोबा, तुम्ही पुन्हा स्वप्नातलं सांगताय," फीबी मध्येच म्हणाली. तिने म्हाताऱ्याचा दंड धरला. "काय आहे बाईसाहेब, हे अर्ध्या वाचनात घोरत असतात. मग जाग आली की स्वतःचंच जोडतात. चला आजोबा, केक संपायच्या आत."

बाई हसल्या. जोबआजोबा कुरकुरत केककडे गेले. गोष्ट तिथेच मिटली.

परतताना दोघी एकाच वाटेने निघाल्या. दगडी कुंपणाशी आल्यावर थर्झा थांबली.

"तुला माहीत होतं," ती म्हणाली.

"सोमवारी पाद्रीसाहेबांकडे झाडलोट मीच करते ना. अंक आला की बैठकीच्या आधी मी वाचायची. अडखळत वाचते, पण येतं मला."

"पहिल्यापासून?"

"पहिल्यापासून."

"मग बोलली का नाहीस?"

फीबीने शाल सावरली. "ती छापलेली लिलियस सकाळी उठल्यापासून रडते गं. लोक तिला माझ्यात बघत होते, मला लाज वाटायची. तुझी बरी होती. तुझ्या लिलियसचं नाव घेऊन मला कुणी हाक मारली तर मी 'ओ' द्यायची मनातल्या मनात. मग शेवटी तू ते बर्फातलं मरण जसंच्या तसं वाचलंस. त्या दिवशी कळलं, तू किती चिडली आहेस ते."

थर्झाने जे विचारायचं होतं ते विचारलं. "दांडीचं बाईंना मी सांगितलं होतं. ती तुझ्याकडे कशी गेली?"

"मीही सांगितलं होतं."

"तू काय सांगणार?"

"इसाक ती आधी माझ्याकडे घेऊन आला होता. मी परत केली." फीबीने तिच्याकडे बघितलं. "तुला ठाऊक असेल असंच वाटत होतं मला."

"का परत केलीस?"

"मन नव्हतं."

"पिंजरा होता तेव्हा तिला? गोळा?"

"होता."

थर्झा तिला मागे टाकून भराभर घरी आली. इसाक अंगणातली भिंत रचत होता.

"फीबीनं परत केली होती," ती म्हणाली.

त्याने हातातला दगड खाली ठेवला. "हो."

"इतकी वर्षं सांगितलं नाहीस?"

"तुला नवीन कोरून द्यायची होती. खरंच. तसं लाकूड मिळेना. आणि मग तुला ती इतकी आवडली, की..." त्याने हात झटकले. "इतकी आवडली, की मलाही वाटायला लागलं, ती तुझ्यासाठीच केली होती."

ती आत गेली. त्या हिवाळ्यात ती दांडीऐवजी हंसाच्या पिसांची जुडी कमरेला बांधून विणत होती, गरीब घरच्या पोरी विणतात तशी. पिसं बरगडीला टोचायची. वसंतात तिने पुन्हा दांडी घेतली. इसाकने ते बघितलं आणि कामाला निघून गेला.

बैठकीला मात्र ती हिवाळा लागताच गेली होती, पहिल्याच दिवशी. पाद्रीसाहेबांनी दुसऱ्या कुणाची तरी कादंबरी पाठवली होती. फीबी समोरच बसली होती. तिने बागेत आपल्याला वाचवलं होतं, आणि तेच थर्झाला सगळ्यात जास्त सलत होतं. रूप तिचं, दांडी आधी तिची, आणि आता मोठेपणाही तिचाच. थर्झाने नीट, जसंच्या तसं वाचायला सुरुवात केली. चार पानांत लोक जांभया देऊ लागले.

"थर्झा," फीबी खाली मान घालूनच म्हणाली, "आज फार कंजूषपणा करतेयस."

कुणाला काही कळलं नाही. थर्झाला तो टोला बरोबर लागला. पण पुढच्याच पानावर तिच्या वाचनात त्या कादंबरीतल्या बिशपला एका बकऱ्याने पाडलं, आणि जोबआजोबा जागे झाले.

अशी पुढे बरीच वर्षं गेली. थर्झाचा मत्सर काही गेला नाही. फीबीने नवी शाल घेतली की तिला दोन दिवस जेवण गोड लागत नसे. पण काही रचून वाचलं की ती आधी फीबीच्या सुयांकडे बघायची. सुई क्षणभर थांबली तर जमलं. मग फीबीचा मुलगा तिला लँकेस्टरला घेऊन गेला.

"गेली एकदाची," थर्झा इसाकला म्हणाली.

त्या आठवड्यात तिने बैठकीत एक फार सुंदर प्रसंग रचून वाचला. सगळे हसले, डोळे पुसले, पुस्तक लिहिणाऱ्याची वाहवा केली. पण ते तिचं होतं हे ओळखणारं त्या खोलीत आता कुणीच नव्हतं.