लाल ड्रेसची चेन

शिवलेला कपडा परत आला की माझं डोकं फिरतं. चूक माझीच असली तर जरा जास्तच फिरतं. वडशात माझं टेलरिंगचं दुकान आहे आणि हिवाळाभर मी गावोगाव खेळ करणाऱ्या नाटकवाल्यांचे कपडे शिवते. हंगामात नट्यांना माप द्यायला सवड नसते. नाटक कंपनीच्या मालकाचा फोन येतो, "मागच्याच मापावर शिवा," आणि आम्ही वही उघडून मागच्या वर्षीचीच बाई पुन्हा शिवून ठेवतो.

त्या दुपारी हंगामातल्या पहिल्या खेळाची गाडी चारला निघणार होती. अडीचला नाचाचं काम करणारी पोरगी लाल सॅटिनचा ड्रेस घालून बघायला आली. अंगाला चिकटून बसणारा, पाठीवर चेन. चेन कमरेच्या वर थोडी चढली आणि तिथेच हटून बसली. मी म्हटलं, श्वास आत घे. तिने घेतला. मी चेनच्या दातांवर मेणबत्ती घासली, कापड चिमटीत धरून पुन्हा ओढलं. माझी बोटं दुखायला लागली.

"काऊन वं, वर्षभर बसून खाल्लं का?"

ती हसली नाही. "ओढा ना ताई. लागलं तरी चालते."

ओढली, तर रनर माझ्या हातात आला आणि चेन खालपर्यंत उघडत गेली.

बाहेर हॉर्न वाजला. मालक दारातूनच बोलला, "झालं का बाई? बसत नसन तर सांगा. दुसरी पोरगी गाडीत हाये, बारीक हाये, तिले बसते." तो गेला तशी हिचा चेहरा उतरला. पहिल्या खेळात ज्या पोरीच्या अंगावर हा ड्रेस, तिचंच ते काम हंगामभर. हे मलाही ठाऊक होतं.

ड्रेस उतरवून मी बाजूची शिवण उलटी करून पाहिली आणि स्वतःलाच दोन शिव्या घातल्या. सैल करायला आत कापडच नव्हतं. शिवण फुगलेली दिसू नये म्हणून मार्जिन मीच कात्रीने साफ उडवलं होतं. कारागिरी मिरवायची हौस, दुसरं काय! आता दोन्ही बगलांखाली काळ्या सॅटिनच्या पट्ट्या टाकण्यावाचून इलाज नव्हता. नवं माप घ्यायला तिच्या कुर्त्यावरून छातीभोवती टेप फिरवला, तर माझा हात ओला झाला.

मी टेप खाली ठेवला.

"लेकराले तिसरा महिना लागला ताई," ती हळूच म्हणाली. "मालकाले नाई सांगतलं. मागचंच माप हाये म्हणून मीच बोलली त्याले." ड्रेसमध्ये मावावं म्हणून दहा दिवस ती एकच वेळ जेवत होती. "आता दूधबी कमी होऊन राह्यलं."

मला तिचा राग आला, मालकाचा आला, आणि मघाशी नको ते बोललेल्या माझ्या तोंडाचा सगळ्यात जास्त आला. मशीनवर बसले तर सुई तुटली. नवी लावताना दोरा ओवेना. बाहेर हॉर्न, आत मी सारखी घड्याळाकडे बघतेय. कशाबशा पट्ट्या जोडल्या. पाठीला नवी चेन टाचणार तोच तिने माझा हात धरला.

"ताई, चेन पुढून लावता का? लेकरू गाडीतच हाये, माह्या आईजवळ. बहिणीचं म्हणून सांगतलं हाये."

नवाकोरा ड्रेस समोरून उभा कापायला माझा हात धजेना. मग कापला. पाठ शिवून बंद केली, पुढे चेन लावली, वरून लेसची झालर टाकली. मालक पुन्हा डोकावला. "चेन पुढं? हे कोणती फॅशन?"

"नवीन हाये. नाई पटत तर दुसरी टेलर पाहा भाऊ."

तो कुरकुरत गेला. ड्रेस बसला. तिने हात वर केले, गिरकी घेतली, एक टाका हलला नाही. ती पर्स उचलून निघालीच होती, मी तिला स्टुलावर बसवलं आणि तिच्या आईला लेकरासकट आत बोलावलं. पोरीने मान खाली घालून चेन उघडली. बाळ आधी रडलं, धडपडलं, मग शांत होऊन प्यायला लागलं.

बाहेर लांबलचक हॉर्न वाजला. मी दार लोटून त्याला पाठ लावून उभी राहिले आणि ओरडले, "थांबा भाऊ! फिटिंग चालू हाये!"