बाद मालाचे कढी-गोळे

मी काही लिहावे एवढा मोठा नाही, त्याबद्दल आधीच माफी मागतो. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच, आणि त्याचीच मला शिक्षा झाली.

मलकापूरला आमची लहानशी डाळ मिल आहे. पुण्याच्या एका मोठ्या खरेदीदाराने बाबांना सांगितले, "आयएसओ सर्टिफिकेट असेल तरच वर्षभर डाळ घेऊ." बाबांनी मला वसतिगृहातून बोलावून घेतले.

"बाबा, मी इतिहासात बीए करतो!"

"मंग काय झालं? कागदच लिवाचे हायेत ना बे?"

माझी अख्खी सुट्टी त्यात गेली! तराजूवर तपासणीची चिठ्ठी डकवली, तर बाबांनी तिच्यावर हळद-कुंकू वाहिले. (आता त्यावरचा क्रमांक लक्ष्मीने वाचायचा का?) फार तुकडा निघालेल्या डाळीसाठी लाल डबा आणला आणि त्यावर ठसठशीत लिहिले : 'बाद माल. त्याच दिवशी हलवावा.' तपासणीच्या दिवशी सकाळीच हरभऱ्याची दोन किलो डाळ बाद झाली. मी अभिमानाने रजिस्टरात नोंद केली.

तपासणीला आलेले साहेब दुपारपर्यंत खूश होते. आईने मिलमधल्या सगळ्यांना कढी-गोळे वाढले. साहेबांनी गोळे तीनदा मागून घेतले. मग हात धुऊन रजिस्टर उघडले.

"बाद माल, दोन किलो. दाखवा."

लाल डबा स्वच्छ घासून उन्हात पालथा घातलेला होता!

"माल कुठे गेला?"

बाबांनी माझ्याकडे पाहिले. मी आईकडे.

"थो तं तुमीच खाल्ला, साहेब," आई अदबीने म्हणाली.

"आई! ती डाळ बाद होती!"

"काऊन? तुकडा झाली म्हून काय डाळ मेली काय? गोळ्याले वाटाचीच होती ना! आन् पाटी कोनं लावली? त्याच दिवशी हलवा म्हने. हलवली म्या!"

कुठे हलवावा, हे मी लिहिलेच नव्हते. पण म्हणून काय ताटात?

साहेबांनी काहीतरी लिहिले आणि ते गेले. बाबा मला एसटीवर सोडायला आले. गाडी सुटताना एवढेच बोलले, "इतिहासात हेच शिकवतेत काय बे?"

पुढचे तीन आठवडे वसतिगृहाचे वरण समोर आले की मला तो लाल डबाच आठवायचा. मिलचे वर्ष मी बुडवले, हे नक्की होते. मग एकदाचा बाबांचा फोन आला.

"आलं बे सर्टिफिकेट! एकच दुरुस्ती सांगतली हाय. वाचू काय?"

"वाचा."

"'कागदपत्रे लिहिणाऱ्यास मिलच्या कामाचे प्रशिक्षण द्यावे.' दिवाळीले लवकर ये. शिकवणाऱ्याच्या रकान्यात तुह्या आईचं नाव टाकलं हाय."