केसपेपरवरचा शब्द

सुशे, नगरकडच्या आपल्या गावातून मी मुंबईला निघाले तेव्हा एस.टी.पाशी सगळे रडत होते, बाबा सोडून. मिशन शाळेचे मास्तर ते, निरोप देतानाही मास्तरच. म्हणाले, "प्रार्थना एखाद्या दिवशी राहिली तर दुसऱ्या दिवशी करता येते. खोटं मात्र बोलू नकोस." मला रागच आला. पोर परमुलखात चाललीय आणि ह्यांचा उपदेश चालूच.

परळच्या चाळीत आत्याकडे राहून इस्पितळात नर्स झाले. नळावर मी आपल्या ख्रिस्ती लोकांच्या सवयीने 'सलाम' म्हटलं की बायका हसायच्या.

मग संयुक्त महाराष्ट्राची धामधूम सुरू झाली. गोळीबार झाला त्या दिवशी जखमींचे केसपेपर मी लिहीत होते. वरिष्ठ म्हणाले, "पडून जखम, असं लिहा." मांडीत शिसं घेऊन कोणी पडतं का? मी 'गोळी' लिहिलं. मला मेमो मिळाला आणि चाळीने मला डोक्यावर घेतलं.

पंधरा दिवसांनी शेजारचे गिरणी कामगार बाबलभाऊ पोलिसांची गाडी बघून पळताना माझ्यादेखत चाळीच्या जिन्यावरून गडगडले. पाय मोडला. इस्पितळात मला म्हणाले, "लाठीचो मार म्हणान लिव गो." मी लिहिलं, 'जिन्यावरून पडून'.

नळावर बायकांनी माझ्याशी बोलणं टाकलं, ते हसणंही बंद झालं. "ती खोटा लिवची नाय," असं बाबलभाऊ येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे, शिवी द्यावी तसं. आत्याही चिडली, "एका शब्दानं काय आभाळ कोसळणार होतं?"

कोसळणार होतं. मुंबई मलाही हवी होती, मोर्चात मीही घसा बसेपर्यंत ओरडले होते. पण हा शब्द खोटा लिहिला असता, तर ती गोळीही खोटी ठरली असती. आणि रविवारी चर्चमध्ये कुठल्या तोंडाने बसले असते? मी माफी मागितली नाही, मागणारही नाही.

परवा बाबलभाऊ लंगडत इस्पितळात आले. बरोबर डोकं फुटलेला त्यांचा सोबती. दुसरी नर्स रिकामी असताना ते माझ्या टेबलापाशी आले आणि माझ्याकडे न बघता त्याला म्हणाले, "हिच्याकडसून लिवन घे. ही खोटा लिवची नाय." मी जखम पाहिली, कशाने झाली ते विचारलं, 'लाठी' लिहिलं. जाताना बाबलभाऊ पुटपुटले, "सलाम, सिस्टर."

घरी कधी येणार, विचारतेस. नाताळात येईन, पाहुणी म्हणून. बाबांना सांग, माझं घर आता इथे आहे. इथली माणसं माझ्यावर रागावतात, आणि लिहून घ्यायला माझ्याकडेच येतात.