सहाही चौकोन निळे
कोऱ्या मांजरपाटाच्या खळीचा वास आला की परळची आमची चौथी आठवते. गिरण्यांचा संप चालू होता. वर्गात अपूर्णांकांचा गुणाकार चालला होता. "बाई, गुणलं की वाढतंच ना?" मी विचारलं. बाईंनी माझा रुमाल मागून घेतला, बाबांच्या गिरणीतल्या कापडाचा, पांढराशुभ्र. त्यांनी त्याची तीन पदरी घडी घातली, ती अर्ध्यात दुमडली. "तिसऱ्या हिश्श्याचा अर्धा म्हणजे सहावा हिस्सा," म्हणत तेवढाच रंगवायला वर शाई ओतली. रुमाल उलगडला तर सहाही चौकोन निळे! "वाढलं, बाई, वाढलं!" वर्ग ओरडला. बाईंनाही हसू आवरेना. मी रडवेला घरी गेलो. रुमाल बघून बाबा कितीतरी दिवसांनी हसले, "गिरणी बंद, पण रंगखातं चालू झालं की रे!" आता मीही शिकवतो, आणि शाई मुद्दाम पाझरू देतो.