बागेतलं गाऱ्हाणं

आयुष्यभर वनस्पतिशास्त्र शिकवलं. "झाडाखाली भूत नसतं, बुरशी असते" असं वर्गात सांगून पोरांना हसवणारी बाई मी. कोणी अनुभव सांगू लागलं की आधी त्याचं जेवणखाण आणि झोप विचारायचे... त्यामुळे हे लिहिताना स्वतःचीच लाज वाटतेय.

गोवा घटक राज्य झालं त्या वर्षी मी एमएस्सीला होते. डिचोली तालुक्यात लाटंबार्सेला माझे मामा. गावच्या देवापुढे सगळ्यांच्या वतीने गाऱ्हाणं घालायचा मान त्यांच्या घराकडे. देवाची राई त्यांनीच मला दाखवली. तिथलं वाळकं पानही उचलायचं नाही, हेही बजावलं. मी मान डोलावली आणि दुसऱ्या दिवशी दुपारी एकटी जाऊन रानजायफळाच्या जातीचं एक दुर्मिळ रोप मुळासकट उपटलं. ओल्या गोणपाटात गुंडाळून बॅगेत ठेवलं. विद्यापीठात वाढवू, जात टिकेल... चोरीला नाव संशोधनाचं!

संध्याकाळी कोणाला तरी खड्डा दिसला. मामांना देवळात बोलावलं. नारळावर हात ठेवून ते म्हणाले, "माझ्या घरच्या कोणी हात लावूक नाय." मी मागे खांबाला टेकून उभी होते. तोंडातून शब्द काढला नाही.

त्याच पावसाळ्यात मामांचा डावा पाय लुळा पडला. खोटी शपथ भोवली, असं गाव म्हणालं आणि मान दुसऱ्या घरी गेला. नंतर मामा देवळात गेले तरी सगळ्यांच्या मागे बसायचे. एकोणीस वर्षांपूर्वी वारले. मी मात्र शिकले, नोकरीला लागले, सगळं काही झालं. पुढे खाणीच्या मातीने राईतला ओहोळ बुजला, तिथली ती झाडं मेली. विद्यापीठाच्या बागेतलं तेवढं राहिलं. झाड वाचवलं ना मी — हे स्वतःला इतक्या वेळा सांगितलंय, की काय सांगू!

आता निवृत्त आहे. डॉक्टरांनी चालायला सांगितलंय, म्हणून त्याच बागेत जाते. बाक आहेत, पायवाटा आहेत, रविवारी पोरंबाळं डबे घेऊन येतात. दुर्मिळ झाडांचा कोपरा मी टाळायचे. गेल्या मार्गशीर्षात एका रविवारी सकाळी, साडेनऊच्या सुमारास, का कोण जाणे, तिकडे वळले. झाडाखालची जागा स्वच्छ झाडलेली. बुंध्याशी पानसुपारी, ताजी.

पलीकडे माळी आळं करत होता. चंदगडकडचा, वर्षभरापूर्वी लागलेला. "कोणी ठेवलं हे?" मी विचारलं.

"एक म्हातारबा येत्यात, मॅडम. डावा पाय ओढत. देवाला घालतात तसलं गाऱ्हाणं घालतात. मधी मधी थांबून माझ्याकडं बघत्यात, मग मी आपलं 'व्हय महाराजा' म्हणतो. नाय म्हणवत नाय."

"काय म्हणतात?"

"निम्मं कळतंय बघा. पर दर खेपंला तेच, म्हणून पाठ झालंय." खुरपं खाली ठेवून, हात जोडून त्याने म्हणून दाखवलं — "चेडवाक अक्कल नव्हती रे म्हाराजा. झाड तेना न्हेला, खोटी शपथ मियां घेतली. दोष माका लाव, तेका सुखी ठेव..."

चेडू म्हणजे पोरगी, म्हणजे मी. मामांना माहीत होतं! नारळावर हात ठेवला तेव्हाही माहीत होतं.

"आत्ताच गेले की," माळी म्हणाला. "तुमी आला त्याच वाटेनं. दिसले न्हाईत?"

ती वाट सरळ फाटकापर्यंत जाते. मला कोणीही भेटलं नव्हतं.

"तुमच्या वळखीचे हायत का?"

"नाही," मी म्हटलं. त्या माणसाची ओळख द्यायलाही माझी जीभ रेटली नाही.

त्यानंतर रोज जाते, वेगवेगळ्या वेळी. मला ते दिसत नाहीत. माळ्याला दिसतात. त्याला ते शब्द कोणी शिकवले असतील, पाय कोणी सांगितला असेल, याचा खूप विचार केला... काही उलगडत नाही.

लाटंबार्सेला मामी अजून आहेत. परवा त्यांचा फोन आला, "बाय, कोकमाची सोलां वाळयल्यात, तुका धाडूं?" सगळं सांगायचं असं ठरवूनच फोन उचलला होता.

"धाडा," म्हटलं, आणि ठेवला.